चौकशी कोणी करायची?

‘त्या काळी असे नव्हते हो!’ या एका वाक्यावर आपल्याकडच्या कितीतरी वाङ्मयीन चर्चा मिटतात. बोलणारे गृहस्थ बहुधा वयाने पिकलेले असतात, आवाजात जरब असते, आणि ‘त्या काळी’ कसे होते हे त्यांनी कोणत्या दप्तरात पाहिले, असे विचारण्याचे धाडस कोणी करीत नाही. गेली काही वर्षे हे वाक्य मी एका पुस्तकासंबंधी पुन्हा पुन्हा ऐकते आहे. दिवाळीच्या निमित्ताने घरची माणसे एकत्र जमलेली आहेत, चकल्यांचा डबा मध्ये आहे, उठून जाण्याची कोणाला घाई नाही. तेव्हा या वाक्याचा एकदा समाचार घेऊन टाकावा म्हणते.

पुस्तक इंग्रजी आहे. सुजाता मॅसी या लेखिकेची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ ही रहस्यकादंबरी २०१८ साली निघाली. आपल्याकडे ती ‘ए मर्डर ऑन मलबार हिल’ या नावाने आली. लेखिकेचे वडील भारतीय, आई जर्मन, वास्तव्य अमेरिकेत. कथा मात्र घडते मुंबईत, १९२१ साली. परवीन मिस्त्री ही तेवीस वर्षांची पारशी मुलगी ऑक्सफर्डला कायदा शिकून आली आहे आणि फोर्टातल्या वडिलांच्या पेढीत सॉलिसिटर म्हणून काम करते आहे. एक धनिक मुसलमान गिरणीमालक वारतात. मागे त्यांच्या तीन विधवा. तिघीही पडदानशीन, मलबार हिलच्या बंगल्यात राहणाऱ्या. एके दिवशी पेढीत कागद येतात की, या तिघी आपल्या हक्काचा पैसा धर्मादायाला देऊन टाकीत आहेत. परवीन ते कागद निरखून पाहते. एकीने सहीच्या जागी नुसती फुली मारलेली आहे. ज्या बाईला आपले नाव लिहिता येत नाही, तिला हा कागद वाचता आला असेल काय? आणि होते नव्हते ते देऊन टाकल्यावर या बायका खाणार काय? एवढ्या दोन प्रश्नांवर सारी कादंबरी उभी आहे. पुढे खून होतो. तो कोणी केला हे मी सांगणार नाही. दुसऱ्याच्या ताटातल्या करंजीचे सारण आधीच उकरून खाऊ नये.

आता या परवीनवर आमच्या सुज्ञ मंडळींचे आक्षेप तीन. पहिला असा की, १९२१ साली तरुण मुलगी वकिली करते आणि खुनाचा तपास लावते, हा शुद्ध काळविपर्यास आहे. आजच्या मुलीला जुनी साडी नेसवून उभी केली आहे. दुसरा असा की, कुलीन घरातल्या मुलीने खुनाच्या जागी जावे आणि आपल्या मुलींनी ते वाचावे, हे काही बरे नाही. तिसरा असा की, हे सारे परदेशी वाचकांसाठी रचलेले आहे; पडदा, बंगला आणि प्रेत, यांचा मसाला. तिन्ही आक्षेप मी ओळीने घेते.

पहिला आक्षेप इतिहासाच्या नावाने केला जातो, म्हणून त्याला इतिहासानेच उत्तर देणे बरे. १८६६ साली नाशिकला एक मुलगी जन्मली. तिचे नाव कॉर्नेलिया सोराबजी. वडील पारशी, पण ख्रिस्ती झालेले. ही मुलगी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली. तिचा क्रमांक असा होता की, विलायतेला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती तिला मिळावयास हवी होती. ती बाई म्हणून नाकारली गेली. मग इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली आणि १८८९ साली ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली. १८९२ साली तिने तिथली कायद्याची परीक्षा दिली; ती देणारी ती पहिली स्त्री. परीक्षा दिली, पण पदवी नाही, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला आरंभ केला तो १९२० साली. वाचकहो, हिशेब करा. परवीन मिस्त्री हे कल्पित पात्र आहे, आणि त्या कल्पित पात्राच्या जवळजवळ तीस वर्षे आधी नाशिकची एक हाडामांसाची मुलगी त्याच वाटेने चालून गेली होती!

ही एकटीच होती म्हणावे, तर तसेही नाही. १९१६ साली रेजिना गुहा या बाईंनी कलकत्त्याच्या हायकोर्टात वकिलीची सनद मागितली, नकार मिळाला. १९२१ साली सुधांशुबाला हाजरा यांनी पाटण्यात मागितली, नकार मिळाला. त्याच १९२१ साली अलाहाबादच्या हायकोर्टाने कॉर्नेलियाबाईंचे नाव वकिलांच्या यादीत दाखल करून घेतले. १९२३ साली कायदाच झाला की, केवळ स्त्री आहे म्हणून कोणाला वकिली नाकारता येणार नाही. त्याच वर्षी मिठन टाटा ही पारशी तरुणी लंडनला बॅरिस्टर झाली, आणि परत येऊन मुंबईच्या हायकोर्टात उभी राहिली. १९४७ साली ती मुंबईची पहिली स्त्री शेरीफ झाली. परवीनचे चित्र रेखाटताना या दोघी आपल्यापुढे होत्या, असे लेखिका सांगतेच. म्हणजे फार तर काय झाले? कादंबरीकर्तीने इतिहासाकडून दोन-तीन वर्षे उसनी घेतली. शिवाय तिची परवीन कागद पाहते, सल्ला देते. कोर्टात उभे राहून बोलण्याची मुभा तिला नाही, हेही ती विसरलेली नाही. आमच्या किती ऐतिहासिक कादंबऱ्या याहून कमी उसनवारीवर चालतात, हे आक्षेप घेणाऱ्यांनी छातीवर हात ठेवून सांगावे.

‘बरे, वकिलीचे राहू द्या; पण नवऱ्याचे घर सोडून आलेली मुलगी?’ असाही एक उपप्रश्न निघतो. परवीनचे लग्न कलकत्त्याच्या एका घरात झालेले असते. तिथला छळ, विटाळाच्या दिवसांत एका खोलीत कोंडून पडणे आणि शेवटी माहेरी परतणे, ही कथा कादंबरीत समांतर चालते. हे त्या काळी शक्य नव्हते म्हणणाऱ्यांनी रखमाबाईंचे नाव ऐकलेले नसावे. १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात त्यांच्या नवऱ्याने दावा लावला. १८८७ साली कोर्टाने सांगितले की, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला. पुढे तडजोड झाली म्हणून त्या गेल्या नाहीत, आणि विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. परवीनच्या आधी तीस वर्षे, त्याच मुंबईत! ‘त्या काळी असे नव्हते’ याचा खरा अर्थ पुष्कळदा ‘त्या काळचे मी वाचलेले नाही’ एवढाच असतो.

पण मला याहून पुढचा मुद्दा मांडावयाचा आहे. बाई तपास करू शकत होती, एवढेच म्हणून मी थांबणार नाही. कित्येक प्रकरणांचा तपास बाईवाचून होणेच शक्य नव्हते. पाहा कसे ते. पडदानशीन बायकांच्या दस्तऐवजांसंबंधी प्रिव्ही कौन्सिलने एक दंडक घालून दिला होता. अशा बाईने काही लिहून दिले असेल, तर तिने ते समजून, उमजून, आपल्या मर्जीने लिहून दिले, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कागदावर हक्क सांगणाऱ्याची. दंडक उत्तम. पण व्यवहारात काय होई? बाई पडद्याच्या आत, वकील पडद्याच्या बाहेर, आणि दोघांच्या मध्ये घरचा कारभारी किंवा दीर. वकिलाचा प्रश्न आत जाई तो त्याच्या तोंडून, आणि उत्तर बाहेर येई तेही त्याच्याच तोंडून. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच दुभाषी! अशा घरात शेरलॉक होम्सला नेऊन बसवला असता, तरी त्या बिचाऱ्याला दिवाणखान्यात सरबत पिऊन परत यावे लागले असते.

ही अडचण कॉर्नेलियाबाईंनी सरकारच्या गळी उतरवली. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सने त्यांना नेमले. पुढली जवळजवळ वीस वर्षे पालखीतून, होडीतून, हत्तीवरून आडगावच्या हवेल्यांत जाऊन त्यांनी सहाशेच्या वर बायका-मुलांची प्रकरणे हाताळली. वारसा कोणी दडपला, दागिने कोठे गेले, अज्ञान मुलाच्या जिवाला कोणापासून भय आहे, हे त्या विचारीत, पाहत आणि लिहून ठेवीत. याला तपास म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे? आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे काम ‘स्त्रीसुलभ अंतःप्रेरणा’ नावाच्या त्या गोंडस वस्तूने झालेले नाही. ते झाले कायद्याच्या अभ्यासाने आणि कागद ओळन्‌ओळ वाचण्याच्या सवयीने. दाराच्या आत जाण्याचा हक्क बाई म्हणून मिळाला. आत जाऊन काय विचारावे हे शिक्षणाने कळले. परवीन मिस्त्रीही फुलीपाशी थबकते ती मनात काही चाहूल लागली म्हणून नव्हे. सही आणि फुली यांत कायद्याच्या दृष्टीने काय अंतर आहे, हे तिला ठाऊक असते.

‘आमच्याकडे कुठे पडदा होता?’ असे कोणी मराठी गृहस्थ म्हणतील. नव्हता. पण ओटी आणि माजघर तर होते ना? ओटीवर सावकार येई, कुळकर्णी येई, फौजदार येई. त्यांच्यापुढे घरातली बाई किती वेळा आली? माजघरातल्या आलवणातल्या बाईची साक्ष कोणी घेतली? हरिभाऊ आपट्यांनी १८९३ साली ‘पण लक्षांत कोण घेतो’ पुस्तकरूपाने काढली तेव्हा यमूची कहाणी यमूच्याच तोंडून वदवली, ती उगीच नव्हे. ओटीवर बसून माजघरातले दिसत नाही, हे त्या मोठ्या लेखकाला कळले होते.

दुसरा आक्षेप शिष्टतेचा. त्याला फार वेळ देत नाही. ज्या घरात कीर्तनकार कीचकवध रंगवून सांगतात आणि आजी नातवंडांना घेऊन पुढे बसते, त्या घराला रहस्यकथेतल्या एका प्रेताने विटाळ होण्याचे कारण नाही. नरकचतुर्दशीला आपण पहाटे उठून पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो. तो नरकासुराचा वध होय, आणि त्या युद्धात सत्यभामा रणात होती असे पुराणेच सांगतात. सत्यभामेला रणात चालू द्यायचे आणि परवीनला मलबार हिलची पायरी चढू द्यायची नाही, हा न्याय कोणता? आपल्या मुलींनी काय वाचले याची चिंता करणाऱ्यांनी, त्यांनी कोणत्या कागदावर न वाचता सही केली, याची चिंता आधी करावी. आजही वाटणीच्या, हक्कसोडीच्या कागदांवर ‘कर ग इथे सही, घरचेच आहे’ असे म्हणून किती बहिणींच्या सह्या घेतल्या जातात, हे प्रत्येक घराने आपले आपण तपासावे. तिथे फुली नसते, झोकदार सही असते. पण वाचलेले असते काय?

तिसरा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात थोडे तथ्य आहे. ही कादंबरी परदेशी वाचकापुढे ठेवलेली आहे. पारशी पक्वान्नांची वर्णने जरा सढळ हाताने वाढली आहेत. १९१६ आणि १९२१ यांच्यात कथा ये-जा करते, तेव्हा तपासाचा धागा हातून सुटतो. आणि एक मोठी गोष्ट अशी की, परवीन आपल्याला जितकी आवडते, तितकी खरी कॉर्नेलिया आवडली नसती. त्या बाई साम्राज्याच्या कट्टर अभिमानी. गांधीजींना त्यांचा विरोध, आणि मिस मेयोच्या ‘मदर इंडिया’ची त्यांनी बाजू घेतली. कादंबरीने हा काटा काढून टाकला आहे, म्हणून ती वाचायला सोपी झाली आहे. खऱ्या बाई त्याहून अवघड आणि म्हणून त्याहून मोठ्या कादंबरीच्या नायिका आहेत. इतके सगळे मला मान्य.

पण मग मी उलट विचारते: ती अवघड कादंबरी तुम्ही का लिहिली नाही? नाशिक कोणाचे? डेक्कन कॉलेज कोणाचे? रखमाबाईंचा खटला चालला ते हायकोर्ट कोणाच्या शहरात? या कथेची सामग्री आमच्या घरच्या फडताळात पडून होती. ती अमेरिकेत राहणाऱ्या बाईंनी काढली, पुसली, मांडली. त्या पुस्तकाला तिकडे मेरी हिगिन्स क्लार्क पुरस्कार मिळाला, अगाथा पुरस्कार मिळाला. तिने त्याच परवीनच्या आणखी कादंबऱ्या लिहिल्या. २०१९ साली आलेली दुसरी तर सह्याद्रीतल्या एका कल्पित संस्थानात घडते! आणि आम्ही ओटीवर बसून ‘मसाला जास्त पडला’ एवढेच म्हणत आहोत. स्वयंपाकघरात पाय न टाकणाऱ्याने मिठावर बोलू नये, ही आपल्या घरांतली जुनी रीत आहे.

आपल्याकडे रहस्यकथा नव्हत्या काय? बाबूराव अर्नाळकरांनी एकट्याने हजारावर लिहिल्या, आणि त्या बायकांनीही चुलीपाशी बसून चोरून वाचल्या. पण नावे गाजली ती झुंजारची, धनंजयची, काळ्या पहाडाची. ऐतिहासिक कादंबऱ्यांना तर आपल्याकडे तोटाच नाही. त्यांत वीरमाता आहेत, वीरपत्नी आहेत, सती आहेत, कारस्थानी राण्या आहेत. चौकशी करणारी तरुण स्त्री माझ्या वाचनात आली नाही. आपल्या इतिहासकथांत बाई आरोपीच्या पिंजऱ्यात सापडते, प्रेताशेजारी रडताना सापडते; प्रश्न विचारणाराच्या खुर्चीवर सापडत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या तोंडी म्हणीसारखे बसले आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी चौकशी केली आणि राघोबादादांना दोषी ठरवले. पण लोकांच्या जिभेवर काय राहिले? ‘ध चा मा’! ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले आणि ते आनंदीबाईंनी केले. तसे त्यांनीच केले, याला निर्विवाद असा पुरावा नाही. तरी अडीचशे वर्षे एका अक्षराचा खून एका बाईच्या पदरात बांधलेला आहे, आणि शाळेतले पोरही तो बिनचूक म्हणून दाखवते. गारदी कोणाचे, पैसा कोणाचा, गादी कोणाला हवी होती, हे प्रश्न मागे पडले. एखाद्या वाड्यातल्या कुणबिणीला, एखाद्या आश्रित विधवेला त्या रात्री काय दिसले, हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. विचारणारी बाई असती तर?

आणि अशी विचारणारी बाई मराठीत झालेली आहे. १८८१ साली सुरतेकडची विजयालक्ष्मी नावाची तरुण ब्राह्मण विधवा आपले मूल मारल्याच्या आरोपावरून फाशीच्या शिक्षेस पात्र ठरली. पुढे अपिलात शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांनी स्त्रीजातीच्या अनीतीवर रकानेच्या रकाने लिहिले. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापून उठल्या आणि १८८२ साली त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: या गुन्ह्यात पुरुष नव्हता काय? तो कोठे आहे? कोर्टाने न विचारलेला, वर्तमानपत्रांनी न विचारलेला नेमका प्रश्न वऱ्हाडातल्या एका बाईने घरी बसून विचारला. गुन्हा घडला त्या ठिकाणी कोण हजर होता आणि कोण निसटला, हे विचारणे, याहून गुप्तहेराचे दुसरे काम तरी कोणते? २०२३ सालच्या ‘द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाउस’मध्ये परवीन मिस्त्री एका गरीब आयेवरचा गर्भपाताचा आरोप हाती घेते, तेव्हा मला ताराबाईंचीच आठवण झाली.

म्हणून ऐतिहासिक रहस्यकथेतली तरुण स्त्री ही आजची फॅशन नव्हे. इतिहासात ती होती. इतिहासकथांनी तिला ओटीवर येऊ दिले नाही, इतकेच. आजच्या कोणा लेखिकेने, आणि लेखकानेही, तिला आता बाहेर आणावे. ती गोड असावी असा हट्ट धरू नये. कॉर्नेलियाबाईंसारखी हेकट असली तरी चालेल, ताराबाईंसारखी जळजळीत असली तर उत्तमच. शनिवारवाड्याच्या स्वयंपाकघरापासून गिरणगावातल्या चाळीपर्यंत तिला जागा पडली आहे. मात्र तिला नुसती शूर करू नका. तिला वाचता येऊ द्या, हिशेब कळू द्या, आणि समोर आलेल्या कागदावर बोट ठेवून ‘हे कोणी लिहिले?’ एवढे विचारू द्या.

आणि वाचकांनी काय करावे? भाऊबीजेला ओवाळणी घालताना एखादे असे पुस्तक बहिणीच्या ताटात घालावे. ती ते वाचील, खुनी ओळखील, आणि पुढे केव्हा तरी घरातला एखादा कागद सहीसाठी पुढे आला की म्हणेल, ‘थांबा, आधी वाचते.’ त्या वेळी कोणी ‘आपल्याकडे असे नव्हते हो’ म्हटले, तर त्याला पाणी द्यावे, लाडू द्यावा, आणि कागद मात्र तिच्याच हाती राहू द्यावा.